जामीन झाला, पण माणूस आतच: कोल्हापूर जिल्ह्यातलं एक प्रकरण

या प्रकरणातल्या माणसांची नावं बदललेली आहेत. कारागृह, पोलीस ठाणं आणि न्यायालय यांची नावं दिलेली नाहीत. बंद्याचं गाव आणि समाजही मुद्दाम सांगितलेला नाही. आमच्या भागात एवढ्या दोन गोष्टी कळल्या की माणूस सापडतो.

पार्श्वभूमी

बाहेरच्या माणसानं कारागृहात जाऊन पाहणी करायची सोय आपल्याकडे जुनीच आहे. १८९४ च्या कारागृह कायद्याखाली अभ्यागत नेमण्याचे नियम होत आले आहेत. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेत अभ्यागत मंडळ सांगितलं आहे: न्यायाधीश, जिल्हाधिकारी असे शासकीय अभ्यागत आणि त्यांच्या जोडीला समाजातले अशासकीय अभ्यागत. २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना अशासकीय अभ्यागत नेमण्याचा विचार करायला सांगितलं. प्रत्यक्षात बऱ्याच जागा रिकाम्या राहतात. जिथे माणूस नेमलेला असतो तिथेही वर्षातून एखादी भेट, ऑफिसात चहा आणि भेटपुस्तकात ‘व्यवस्था समाधानकारक’ एवढा शेरा, यापुढे गाडी जात नाही.

आमचा गट लहान आहे. काही वकील, काही विधी स्वयंसेवक, काही निवृत्त माणसं. आम्ही स्वतः पाहणी करत नाही. ज्यांना पाहणीचा अधिकार आहे त्यांना मदत करतो. भेटीआधी काय विचारायचं याची तयारी करून देतो आणि भेटीनंतर शेऱ्याचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा करतो.

या प्रकरणातल्या अशासकीय अभ्यागत म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणतात. बाईंची एक पद्धत आहे. बराकीच्या दारात उभं राहून ‘कुणाला काही त्रास?’ असं त्या विचारत नाहीत. मागे कारागृहाचा सुभेदार उभा असताना त्या प्रश्नाला सगळी बराक एका सुरात ‘न्हाय’ म्हणणार, हे त्यांना ठाऊक आहे. त्या आधी कागद मागतात, मग माणसांना विचारतात आणि शेवटी दोन्ही ताडून बघतात.

२०२५ च्या पावसाळ्यातल्या एका भेटीत त्यांनी ऑफिसात एकच यादी मागितली: जामीन मंजूर झालाय पण सुटका झालेली नाही असे बंदी. कारकुनानं ई-प्रिझन्समधून, म्हणजे कारागृहाच्या संगणकावरच्या नोंदींतून, यादी छापून दिली. ती घेऊन बाई न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेल्या, बंद्यांच्या बराकीत गेल्या आणि म्हणाल्या, ‘ज्यांचा जामीन झालाय पण जामीनदार मिळत नाही, त्यांनी हात वर करा.’ यादीतल्या नावांपेक्षा हात जास्त होते. कोपऱ्यातल्या एका पोरानं हात वर केला नव्हता. शेजारच्यानं त्याचा दंड धरून वर केला आणि म्हणाला, ‘बाई, ह्याचाबी झालाय. ह्याला कळत न्हाय, कानडी हाय त्यो.’

तो मारुती.

अडचण काय होती

मारुती पंचविशीच्या आतला. सीमेपलीकडून इचलकरंजीत आलेला, यंत्रमाग कारखान्यात कांडी मशीनवर कामाला. रस्त्याकडेला ठेवलेल्या लोखंडी सळ्या चोरल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३(२), म्हणजे जास्तीत जास्त ३ वर्षांची शिक्षा. आधीचा एकही गुन्हा नाही. मोफत विधी सेवेच्या वकिलानं अर्ज केला आणि दोनेक महिन्यांत जामीन मंजूर झाला: १५,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक, ऐपतदार जामीनदार.

तिथेच सगळं थांबलं. कारखान्याच्या मालकानं हात झटकले. खोलीवरची पोरं खोली सोडून गेली. आई गावाकडे, आणि मारुतीला पाठ असलेला तिचा नंबर बंद पडलेला. स्थानिक जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा किंवा घराचा उतारा आहे असा माणूस. परमुलखातून आलेल्या कामगाराला तो कुठून मिळणार? बाईंनी हात वर करायला सांगितलं तेव्हा त्याला आत येऊन आठ महिने होत आले होते, आणि त्यातला बराचसा काळ जामिनाच्या आदेशानंतरचा होता.

हे घडू नये म्हणून नियम आहेत. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं जामिनाच्या धोरणाबद्दल सविस्तर निर्देश दिले. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं कारागृहात जावा आणि तिथून बंद्याच्या हातात पडावा. जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये भरली जावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं. एक महिना उलटूनही जामीनपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालयाला आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करता येतो. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असंही त्यात सुचवलेलं आहे.

मारुतीच्या नावापुढे जामिनाच्या तारखेचा रकाना कोराच होता. त्यामुळे तो यादीत नव्हता, म्हणून सात दिवसांची सूचना गेली नाही, आणि सूचना नाही म्हणून वकिलापर्यंतही काही पोचलं नाही. कुणी दुष्टपणा केला असं मला वाटत नाही. वॉरंट, तारखा, कोर्टात न्यायचा बंदोबस्त, व्हिडिओ कॉन्फरन्सिंग हे सगळं एकच कारकून बघत होता. पण एका कोऱ्या रकान्यापायी माणसाचे महिने गेले, आणि बाहेरच्या कुणी येऊन यादी व माणसं ताडून बघेपर्यंत ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसरी अडचण त्यानंतर कळली. गडहिंग्लजकडचा, घरात कानडी बोलणारा एक विधी स्वयंसेवक कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात मारुतीशी बोलला. शिपाई दाराबाहेर, ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर थांबला होता. संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत पाहणी करणाऱ्याला बंद्याशी खासगीत बोलता आलं पाहिजे असं स्पष्ट म्हटलंय, ते का, हे त्या दिवशी पुन्हा पटलं. जामीन म्हणजे काय हे मारुतीला नीट माहीत नव्हतं. ‘तारीख पडली’ एवढंच त्याला दर वेळी कळायचं. मग तो म्हणाला, आल्या दिवशी नाव विचारलं, आडनाव ऐकलं आणि झाडू दिला. तेव्हापासून संडास धुण्याचं काम त्याच्याकडे आणि त्याच्याच समाजाच्या आणखी दोघांकडे होतं. बाकीच्यांची पाळी कधी आलीच नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सुकन्या शांता प्रकरणात नेमकं हेच घटनाबाह्य ठरवलं आहे. जातीवरून कामं वाटायची नाहीत, नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायचा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करायची, असंही त्या निकालात आहे. याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची सक्तीची हजेरी बंद केली होती. शंभराहून अधिक वर्षांनी इथल्याच मातीत आडनावावरून झाडू हातात येतो, हे ऐकून आमच्यातलं कुणीच काही वेळ बोललं नाही.

कोणते पर्याय होते

जामिनाचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा होता, पण तिथेही वाटा बऱ्याच होत्या.

गटातल्या एका शेतकरी मित्रानं लगेच सांगितलं, ‘माझा सातबारा लावा, मी ऱ्हातो जामीन.’ मन मोठं होतं, पण आम्ही नको म्हटलं. पाहणीला मदत करणारा गटच बंद्यांना जामीन राहू लागला तर उद्या बाईंच्या प्रत्येक शेऱ्याकडे ‘ही त्यांची माणसं’ म्हणून बघितलं जाईल. शिवाय एकाला जामीनदार दिला की बराकीत हात वर केलेल्या बाकीच्यांना काय सांगायचं?

केंद्र सरकारची २०२३ ची गरीब बंद्यांसाठीची योजना होती. तीत तेव्हा न्यायाधीन बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती. पण त्यासाठी जिल्ह्याच्या समितीची मंजुरी लागत होती, आणि मारुतीचं अडलं होतं ते पैशापेक्षा ‘स्थानिक’ या अटीवर.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम ४७९ बघितलं. पहिल्यांदाच आरोपी असलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं असतं, आणि तसा अर्ज करणं हे अधीक्षकांचं काम आहे. मारुतीच्या बाबतीत एक तृतीयांश म्हणजे १ वर्ष. आणखी चार महिने थांबायचं? आधीच जामीन झालेल्या माणसासाठी ही वाट आम्हाला पटली नाही.

न्यायाधीन बंदी पुनर्विलोकन समितीचा मार्गही होता. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, सोबत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, विधी सेवा सचिव आणि कारागृह अधीक्षक. जामीन होऊन जामीनदाराअभावी अडकलेले बंदी हा या समितीपुढच्या यादीतला स्वतंत्र गटच आहे. पण समिती यादीवर चालते आणि मारुती यादीत नव्हता. शेवटची वाट उच्च न्यायालयाची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंचचं काम सुरू झालं, त्यामुळे मुंबईची वारी आता लागणार नव्हती. तरीही जे खालच्या न्यायालयात एका अर्जानं सुटतं ते थेट तिथे नेणं बरोबर वाटलं नाही. वर्तमानपत्रात द्यावं असं एक-दोघांचं मत होतं. मारुतीचं नाव न छापताही तो ओळखू आला असता, आणि तो अजून आत होता.

खरा पेच झाडूचा होता. जामिनाच्या कामाला मारुतीचं नाव लागणारच होतं, आणि झाडूच्या तक्रारीला ते चिकटता कामा नये होतं. बराकीत तिघेच हे काम करत होते. त्यातल्या एकाशी बाहेरची माणसं बोलून गेल्यावर चारच दिवसांत तपासणी झाली असती तर कोण बोललं ते सांगायला ज्योतिषी लागला नसता. गटातली तरुण वकील ताई म्हणाली, थांबायचं म्हणजे आणखी काही आठवडे त्या तिघांनी तेच करायचं. बाई म्हणाल्या, तो बाहेर पडेपर्यंत त्याची जबाबदारी आपल्यावर आहे. या वादात दोघींपैकी कुणी चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

काय केलं

मारुतीलाच विचारलं. हे लिहायला साधं वाटतं, पण पाहणीच्या कामात सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच. स्वयंसेवकानं त्याला कानडीत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजावल्या. त्यानं सांगितलं, जामिनाचं माझ्या नावानं करा, दुसऱ्याचं मी असताना नको. पण मी गेल्यावर त्या दोघांना असंच सोडू नका.

त्याप्रमाणे कामाचे दोन भाग केले, आणि माणसंही वेगळी ठेवली. जामिनाचं काम पूर्णपणे विधी सेवेच्या बचाव वकिलांकडे दिलं. त्यात बाईंचं नाव कुठेही आलं नाही. वकिलांनी आदेशाची प्रमाणित प्रत काढली आणि अट बदलण्याचा अर्ज केला. अर्जात २०२३ चे निर्देश होते आणि १९७८ चा मोतीराम निकालही. त्या प्रकरणातल्या गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला गेला होता, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच विचारलं होतं की दूरच्या मुलखात पकडलेल्या परक्या माणसानं स्थानिक जामीनदार आणायचा कुठून. नुसत्या निकालांवर भागणार नव्हतं. हा माणूस तारखेला येईल याचा भरवसाही न्यायालयाला हवा असतो. म्हणून स्वयंसेवकानं गावाकडे ओळख काढून आईला गाठलं, रेशनकार्डाची प्रत आणि ग्रामपंचायतीचा दाखला मिळवला, चालू नंबर घेतला आणि हे सगळं अर्जाला जोडलं. माझ्या मते अर्जातला सगळ्यात वजनदार कागद तो दाखला होता.

दुसरीकडे बाईंनी भेटपुस्तकात दोन शेरे लिहिले. पहिला आकड्यांबद्दल: यादीतली नावं आणि बराकीत हात वर केलेले बंदी जुळत नाहीत, सर्व न्यायाधीन बंद्यांच्या जामिनाच्या नोंदी न्यायालयाच्या आदेशांशी ताडून पुढच्या भेटीत दाखवाव्यात. दुसरा शेरा मारुती सुटल्यानंतर लिहिला. त्यात तक्रार नव्हती, प्रश्न होता: सगळ्या बराकींचा गेल्या तीन महिन्यांचा सफाईचा पाळीतक्ता दाखवावा आणि पाळी कशी ठरते ते सांगावं. सोबत २०२४ च्या निकालाचा हवाला देऊन विधी सेवा प्राधिकरणाबरोबर संयुक्त तपासणीची मागणी. एका बराकीचं नाव न घेता सगळ्याच बराकींचा तक्ता मागितल्यामुळे बोट कुणाकडेच गेलं नाही.

काय झालं

न्यायालयानं स्थानिक जामीनदाराची अट काढली. जातमुचलका आणि दर तारखेला हजर राहण्याची हमी यांवर सुटका मंजूर झाली. पण सुटकेचा आदेश गेटवर पोचला आणि परत गेला. आदेशात कागदोपत्रीचं पूर्ण नाव होतं, कारागृहाच्या वहीत अटकेच्या वेळी कुणीतरी ऐकून लिहिलेलं घरचं नाव. मध्ये रविवार आला. नावाची दुरुस्ती होऊन तो बाहेर पडायला आणखी काही रात्री गेल्या. त्यानंतरच्या तारखेला तो हजर होता. खटला अजून चालू आहे आणि त्यात काय होईल याच्याशी या लेखाचा संबंध नाही.

नोंदी ताडल्यावर आणखीही काही बंदी निघाले, ज्यांच्या जामिनाची तारीख भरलेलीच नव्हती. त्यांतले काही सुटले. काहींवर दुसरे गुन्हे होते म्हणून नाही सुटले. अधीक्षकांनी एक गोष्ट चांगली केली, ती सांगितली पाहिजे. जामिनाचे आदेश आणि ई-प्रिझन्सच्या नोंदी दर आठवड्याला ताडून बघण्याचं काम त्यांनी एका अधिकाऱ्याला नावानिशी दिलं.

झाडूचं तेवढं सरळ झालं नाही. पाळीतक्ता मागितला तेव्हा तो नव्हताच. पुढच्या भेटीपर्यंत बराकीच्या भिंतीवर लागला, त्यात सगळ्यांची नावं आली. पण बाईंनी संध्याकाळी वेगवेगळ्या लोकांशी बोलून घेतलं, तेव्हा कळलं की तक्त्यावर पाळी एकाची आणि प्रत्यक्षात झाडू दुसऱ्याच्या हातात, असं अजून होतं. ‘तो आपणहून करतो’ असं उत्तर मिळालं. सक्तमजुरी ही शिक्षा आहे, आणि ज्याच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही त्याच्या बाबतीत ‘आपणहून’ हा शब्द फार जपून वापरायला हवा. संयुक्त तपासणी झाली, अहवाल गेला. आता त्या अहवालावर काय होतं ते बघायचं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, जामीन मंजूर झाला त्याच दिवशी. आरोपी कुठला, त्याचं इथे कोण आहे, तो काय कमावतो, हे वकिलानं तेव्हाच न्यायालयाला सांगितलं असतं तर स्थानिक जामीनदाराची अट कदाचित लागलीच नसती. त्यासाठी वकिलाला आरोपीशी सुनावणीआधी बोलता आलं पाहिजे, आणि त्याच्या भाषेत. कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात कन्नड, हिंदी, उडिया बोलणारे कामगार काही नवे नाहीत. गडहिंग्लज, कागल भागात कानडी येणारी माणसं हवी तितकी आहेत. त्यांच्यातून विधी स्वयंसेवक घेतले तर बंदी आत आल्या दिवशीच ही माहिती लिहून ठेवता येईल.

यादी कारागृहाकडूनच मागायची, ही पद्धतही बदलावी असं मला वाटतं. ज्या वहीत चूक आहे तीच वही चूक दाखवत नाही. न्यायालयाकडून महिन्याभरातले जामिनाचे आदेश घ्यायचे आणि कारागृहातल्या हजेरीशी ताडायचे, हे काम पुनर्विलोकन समितीच्या बैठकीआधी झालं तर रकाना कोरा राहिला तरी माणूस यादीतून निसटणार नाही.

संयुक्त तपासणीची मागणी मारुती आत असतानाच करता आली असती का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझा कल असा की सगळ्याच कारागृहांसाठी ती तपासणी आधीपासून ठरलेल्या महिन्यांत, कुणी तक्रार करो न करो, व्हायला हवी. मग कोण बोललं हा प्रश्नच उरत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक तुरुंगाला स्वतंत्र देखरेख मंडळ असतं. त्यातले सदस्य बिनपगारी सामान्य नागरिक असतात, ते तुरुंगात कुठेही जाऊ शकतात, आणि मंडळाचा वार्षिक अहवाल जाहीर होतो. आपल्याकडे भेटपुस्तकातला शेरा सहसा त्या पुस्तकातच राहतो. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या कारागृहांमधले ७५.८ टक्के बंदी न्यायाधीन होते, म्हणजे दर चारांतल्या तिघांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. एवढ्या माणसांबद्दलचे शेरे लोकांना वाचायला मिळाले पाहिजेत, बंद्यांची नावं वगळून.

समितीच्या पुढच्या बैठकीसाठी बाईंनी दोन रकाने वाढवायला सांगितलेत: बंद्याला कळणारी भाषा, आणि जामिनाचा आदेश त्याला त्या भाषेत वाचून दाखवल्याची तारीख. पहिला मान्य झाला आहे. दुसऱ्यावर ‘बघू’ म्हटलंय, आणि त्याचा पाठपुरावा आमच्याकडे आहे.